कायम झाल्यावर बोलू

"कायम झाल्यावर बोलू." कॉलेजात नव्याने आलेला प्रत्येक जण स्वतःला हे सांगतो, आणि मनापासून सांगतो. आधी प्रोबेशन संपू दे. मग विद्यापीठाचं अप्रूव्हल येऊ दे. मग वरच्या श्रेणीतल्या प्लेसमेंटची फाइल सहसंचालक कार्यालयातून सुटू दे. मग गाइडशिप, मग असोसिएट, मग प्रोफेसर. शेवटी पेन्शनची केस कुठे अडकू नये, एवढंच. दरम्यान बोलायचं काय होतं तेच विसरायला होतं. पहिल्या वर्षी ज्यांची तडफ पाहून जुने लोक सुखावले होते, अशांच्या निरोप समारंभांना मी हजर राहिले आहे. सगळ्यांनी त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली: सरांचं कुणाशी कधी वाजलं नाही. मला त्या सभांमध्ये फार वाईट वाटलं आहे.

*

एम.ए.च्या वर्गातली एखादी मुलगी तास संपल्यावर मागे रेंगाळते. तिला विचारायचं असतं, "मॅडम, प्राध्यापकीत यावं का? डोक्यावर कुणी साहेब नसतो म्हणतात. पण राजकारण फार असतं असंही म्हणतात."

दोन्ही खरं आहे. पण ती ते तराजूच्या दोन पारड्यांत घालून बघते, तिथे माझं तिच्याशी पटत नाही. या धंद्यातलं स्वातंत्र्य आणि या धंद्यातलं राजकारण एकाच जागी राहतात. अभ्यासक्रम कुणी करायचा, तास कुणी घ्यायचे, जागा कुणाला द्यायची, ग्रंथालयात पुस्तकं कोणती घ्यायची, हे प्रश्न म्हणजेच राजकारण. आणि आपल्याला मोकळं शिकवता येईल की नाही हेही त्याच प्रश्नांवर ठरतं. "मी त्या भानगडीत पडत नाही" म्हणणाऱ्याचे प्रश्न दुसरं कुणीतरी सोडवतं, स्वतःच्या सोयीने.

*

आधी स्वातंत्र्याबद्दल लिहिते, कारण तक्रारीच्या ओघात ते राहून जातं.

वर्गाचं दार लावलं की मी महाराष्ट्राचा इतिहास कुठून सुरू करायचा हे माझं मी ठरवते. अभ्यासक्रमात "स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्र" असं प्रकरण आहे आणि त्यात १९७२च्या दुष्काळाला जेमतेम एक परिच्छेद. मी मुलांना सांगितलं, घरी जा आणि आजीला विचारा. मुलं वह्या घेऊन गेली, काहींनी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. खडी फोडायला कोण गेलं होतं, हजेरी कोण मांडायचं, तान्ही मुलं कुठे ठेवायची, सुकडी कशी लागायची, मिलोच्या लाल ज्वारीची भाकरी थापताना कशी तुटायची. एका मुलाच्या आजीने सांगितलं की ज्या रस्त्याने त्याची एसटी रोज कॉलेजला येते, तो रस्ता तिने फोडलेल्या खडीवर झाला आहे. तो मुलगा त्यानंतर वर्गात वेगळा बसायला लागला, ताठ. रोजगार हमीचा कायदा, १९७७चा, त्याला मला पुन्हा शिकवावा लागला नाही.

हे करायला मला कुणाची परवानगी लागली नाही. कुठल्या कंपनीत, कुठल्या सरकारी कचेरीत हे मिळेल? तीस-चाळीस तरुण माणसं समोर बसलेली आणि त्यांच्याशी काय बोलायचं हे बहुतांशी माझ्या हातात. या एका गोष्टीसाठी मी हा पेशा पुन्हा निवडेन.

त्या वह्यांचे गुण मात्र कुठल्याच तक्त्यात बसले नाहीत.

*

तक्त्याविषयी. २०१० साली यूजीसीने एपीआय आणला आणि प्राध्यापकाचं काम गुणांत मोजायला सुरुवात केली. शोधनिबंधाला इतके, परिषदेला इतके, पुस्तकाला इतके. हेतू वाईट नव्हता. वर्षानुवर्षं जुन्या नोट्स वाचून दाखवणाऱ्यांना हलवायचं होतं. झालं काय, तर पैसे भरा आणि छापून घ्या अशी नियतकालिकं उगवली. मे २०१८ मध्ये यूजीसीलाच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. मग २०१९ मध्ये केअर यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. एवढ्या वर्षांत ज्यांनी अशा ठिकाणी "पेपर टाकले" ते वरच्या श्रेणीत गेले. ज्या बाईंनी तालुक्याच्या जुन्या कचेरीत बसून मोडीतली दप्तरं लावली, त्यांची फाइल "त्रुटी"चा शेरा मारून परत आली.

स्वातंत्र्याची गळचेपी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदी, नोटीस, निलंबन येतं. पण निमूटपणे काम करते ती ही रकान्यांची पद्धत. कुणी मना करत नाही. फक्त ज्या कामाला गुण नाहीत त्याला वेळ उरत नाही.

*

वेळापत्रक. स्टाफरूमचं राजकारण पाहायचं असेल तर निवडणुका बघू नका, जूनमधलं वेळापत्रक बघा.

मोठा आखीव कागद, शिसपेन्सिल, खोडरबर. विभागप्रमुख टेबलाशी आणि दोघंतिघं खुर्च्या ओढून त्यांच्या अंगावर वाकलेले. ज्याचं बरं आहे त्याला सलग तीन तास मिळतात आणि तो साडेदहाला मोकळा होतो. ज्याचं बरं नाही त्याला पहिला आणि शेवटचा, मध्ये तीन तासांची पोकळी. कागदावर दोघांचा वर्कलोड सारखाच. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास, असोसिएट आणि प्रोफेसरला १४, असं २०१८चा नियम सांगतो. ते १६ तास दिवसात कुठे टाकायचे हे नियम सांगत नाही. दोन वर्षं असं वेळापत्रक मिळालं की माणसाचं वाचन संपतं. पोकळीच्या तासांत ग्रंथालयात बसता येईल म्हणावं, तर नेमका त्याच वेळी नॅकचा निकष कुणीतरी त्याच्या हातात देतं. "तुम्ही मोकळेच आहात ना?"

आमच्या विभागात एका नव्या प्रमुख बाईंनी साधी गोष्ट केली. कागद स्टाफरूमच्या मोठ्या टेबलावर सगळ्यांसमोर मांडला आणि म्हणाल्या, सगळ्यात लांबून येणाऱ्याने आधी तास निवडायचे. सगळ्यांत लांबून येणारा होता तासिकेवरचा मुलगा. शेजारच्या तालुक्यातून दोन एसट्या बदलून यायचा. तो इतका संकोचला की पेन्सिल हातात घेईना. बाईंनी त्याला बसवलं आणि त्याच्या एसटीच्या वेळा विचारून तास लिहिले. भांडण झालं नाही असं नाही, पण ते सगळ्यांसमोर झालं आणि तिथेच मिटलं.

*

तासिकेवरचा मुलगा म्हणजे सीएचबी, क्लॉक अवर बेसिस. नेट-सेट आहे, पीएच.डी. आहे, वय पस्तिशीकडे झुकलेलं. सत्र सुरू झाल्यावर नेमणूक, सत्र संपलं की ब्रेक. मानधन महिन्याला मिळत नाही, बिलं तपासून एकदम कधीतरी येतं. सुट्टीचे पैसे नाहीत, पेपर तपासायला मात्र कॅपमध्ये, म्हणजे मूल्यांकन केंद्रात, हजर. सिनेटच्या शिक्षक मतदारसंघाच्या यादीत त्याचं नाव नाही.

त्याला विचारस्वातंत्र्याविषयी काय सांगू? पुढच्या जूनचं पत्र ज्यांच्या हातात आहे त्यांच्या मताविरुद्ध तो एक शब्द बोलणार नाही, बोलूही नये असंच त्याची बायको त्याला सांगत असेल. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत मराठी, इतिहास, राज्यशास्त्र हे विषय आज अशाच माणसांच्या जिवावर चालले आहेत. ज्या समाजाला महाविद्यालयात निर्भय शिक्षक हवे आहेत, त्याने आधी त्यांना बारा महिन्यांचा पगार द्यावा. निर्भयतेची पहिली अट पगार आहे, हे म्हणताना मला जराही कमीपणा वाटत नाही.

*

पुण्यातलं एक जुनं भांडण मी विद्यार्थ्यांना मुद्दाम तपशिलात सांगते.

न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालचं, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ची, फर्ग्युसन कॉलेज १८८५चं. तरुण पदवीधरांनी सरकारी नोकऱ्या नाकारून, तुटपुंज्या पगारावर उभी केलेली संस्था. आणि पाच-सहा वर्षांतच आजीव सभासदांत जुंपली. मुद्दा काय होता? टिळकांचं म्हणणं, आजीव सभासदाने आपला सगळा वेळ आणि कमाई संस्थेला द्यावी, बाहेरची कामं अंगावर घेऊ नयेत. आगरकर, गोखले यांच्या बाजूचं म्हणणं, संसार चालेल इतकी पगारवाढ हवी आणि संस्थेचं काम सांभाळून बाहेरचं काम करण्याची मोकळीक हवी. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि ठिणगी पडली. टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. जाताना आपलं सगळं म्हणणं त्यांनी भल्या मोठ्या पत्रात लेखी मांडलं.

आपण हे भांडण टिळक-आगरकर वैर म्हणून वाचतो. एका महाविद्यालयातल्या शिक्षकांचं भांडण म्हणूनही वाचून बघावं. शिक्षकाचा वेळ कुणाचा? कॉलेजबाहेर तो काय लिहितो, काय बोलतो, कुणाबरोबर काम करतो, यावर संस्थेचा हक्क किती? आजच्या कुठल्याही ना-हरकत प्रमाणपत्राच्या अर्जात हाच प्रश्न आहे. टिळकांच्या त्यागाच्या कल्पनेविषयी मला आदर आहे, पण या प्रश्नावर मी आगरकरांच्या बाजूची आहे. आगरकर १८८८पासून 'सुधारक' चालवत होते. सनातनी पुण्याने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरी ते शिकवत राहिले आणि १८९२ साली त्याच फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ज्या संस्थेला देणग्या शहरातल्या सनातन्यांकडूनही हव्या होत्या, तिने हे सोसलं.

पुढचा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. टिळक गेल्यावर गणिताची जागा रिकामी झाली. गोखल्यांनी मुंबईहून एका गणित-शिक्षकाला बोलावून घेतलं. ते धोंडो केशव कर्वे. १८९१ साली ते फर्ग्युसनमध्ये आले. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, विवाह केला. मुरुड गावाने बहिष्कार टाकला. नोकरी राहिली. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. शिकवणं संपलं की कर्वे तिकडे चालत जायचे. १९१४पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. म्हणजे महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाच्या एवढ्या मोठ्या कामामागे वीसेक वर्षं एका कायम प्राध्यापकाचा पगार होता आणि त्याला हात न लावणारे सहकारी होते. बहिष्काराच्या काळात कर्व्यांना दर महिन्याला नोकरीची धास्ती असती, तर हिंगणं उभं राहिलं असतं का?

आता मुलगा. रघुनाथ धोंडो कर्वेही गणिताचेच प्राध्यापक, मुंबईच्या विल्सन कॉलेजमध्ये. संततिनियमनाचं काम आणि उघड प्रचार त्यांनी १९२०च्या दशकात सुरू केला. कॉलेजच्या मिशनरी चालकांना ते मानवेना आणि कर्व्यांना राजीनामा द्यावा लागला. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. खटले सोसले, पैशाची ओढ सोसली, पत्नी मालतीबाईंच्या साथीने. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. सहकारी प्राध्यापकांपैकी कोण उभं राहिलं होतं, हा प्रश्न माझे विद्यार्थी विचारतात.

बाप आणि मुलगा, दोघे गणित शिकवणारे, दोघांचाही वर्गाबाहेर समाजाशी झगडा. फरक त्यांच्या धैर्यात नव्हता. मुलाचं धैर्य कदाचित कांकणभर जास्तच होतं. फरक संस्थेत होता.

*

आंबेडकर स्वतः नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. कोलंबियात शिकून आलेला माणूस, वर्गात मुलं भारावून ऐकणारी. आणि प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

व्याख्यानातलं स्वातंत्र्य आणि खोलीतलं पाणी, दोन्ही एकाच इमारतीत. म्हणून "वर्गात मला कुणी अडवत नाही" एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. कुणाच्या शेजारी कुणाचा डबा उघडतो, कुणाला "आपल्यातले" म्हणतात, आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न कोणता येतो, हे आजही मी पाहते. स्टाफरूममधले गट विचारांवर पडले असते तर मी आनंदाने एका गटात गेले असते. ते बहुधा जातीवर, गावावर आणि संस्थाचालकांच्या नात्यागोत्यावर पडतात.

*

दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या कोसबें गावचा जन्म, वडील धर्मानंद यांनी फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलेली. दामोदर त्याच कॉलेजात गणित शिकवायला आले आणि बारा-एक वर्षांनी, १९४५च्या सुमारास, तिथून बाहेर पडावं लागलं. मग टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च. पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने रोजची ये-जा, आणि सुट्टीत सह्याद्रीच्या वाटा, लेणी, गावदेव, शेतात सापडणारी गारगोटीची बारीक हत्यारं. गणिताच्या नोकरीत राहून त्यांनी १९५६ साली भारतीय इतिहासावरचं ते पुस्तक दिलं, ज्याने आमच्या विषयाचं तोंड राजेरजवाड्यांकडून शेतकऱ्याच्या नांगराकडे वळवलं. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा भारताच्या सोयीची, हे ते अणुऊर्जेच्या शिल्पकाराच्याच संस्थेत बसून बोलत होते. १९६२ साली त्यांचा करार वाढवला गेला नाही.

कोसंबींना संत करायची गरज नाही. स्वभाव तिखट होता, आणि रीमानच्या गृहीतकाच्या सिद्धतेचा त्यांचा दावा टिकला नाही. संस्थेकडेही कारणं होती. तरी माझं मत असं, की विद्यापीठं आणि संशोधनसंस्था अशाच माणसांसाठी असतात. गोड बोलणाऱ्यांना कुठेही जागा मिळते.

*

संस्थेबाहेर राहून मोठं काम केलेल्यांची नावं या वेळी हमखास घेतली जातात. रा. चिं. ढेरे, दुर्गा भागवत. "बघा, नोकरीशिवाय झालंच ना!" हा युक्तिवाद मला क्रूर वाटतो. दुर्गाबाई एशियाटिकच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं बसल्या, कारण तिथे टेबल आणि पुस्तकं होती. ढेऱ्यांनी स्वतःच्या घराचं ग्रंथालय केलं, ते कुठल्या ओढगस्तीतून हे त्यांच्याविषयी वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यांनी केलं हे त्यांचं मोठेपण. त्यांना जागा करून दिली नाही, हा आमच्या विद्यापीठांचा दोष. एकावरून दुसऱ्याला माफी मिळत नाही.

*

पीएच.डी.चा विद्यार्थी आणि गाइड. इथे सत्ता सगळ्यांत उघडी असते आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. दर सहा महिन्यांच्या प्रगती अहवालावर सही गाइडची. फेलोशिपचा हप्ता त्या सहीवर. सारथी असो, बार्टी असो, महाज्योती असो, सही नाही तर पैसे नाहीत. त्या सहीसाठी मुलं प्रुफं तपासतात, गाइडच्या परिषदेची खुर्च्यामांडणी करतात, घरच्या लग्नाच्या पत्रिका वाटतात. मुलींच्या वाट्याला याहून वाईट येतं.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी एका गाइडकडे किती विद्यार्थी हे बांधून दिलं: प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार. चांगलं झालं. पण गाइड बदलायचा तर ना-हरकत पुन्हा त्याच गाइडची घ्यायला लावतात, हे चूक आहे. तो अर्ज विभागाच्या समितीकडे जावा आणि मुलाला त्या काळात फेलोशिप चालू राहावी.

*

अमेरिकेत १९०० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून एडवर्ड रॉस या प्राध्यापकाला जावं लागलं, कारण त्याची मतं संस्थापकाच्या विधवेला पसंत नव्हती. आशियाई मजुरांबद्दल तो जे बोलत होता ते आज वाचवत नाही. तरीही आर्थर लव्हजॉय या तरुण सहकाऱ्याने निषेध म्हणून स्वतःची नोकरी सोडली. १९१५ साली लव्हजॉय आणि जॉन ड्यूई यांनी प्राध्यापकांची संघटना उभारली. प्राध्यापकाला मतासाठी काढता येऊ नये हा तिथला नियम पुढे रुजला, तो या संघटनेच्या रेट्याने.

मत न पटणाऱ्या माणसासाठी उभं राहणं, हे मला त्यातलं घेण्यासारखं वाटतं. आपल्याकडे आधी विचारतात, तो कोणाचा माणूस?

*

नव्या मुलांना ठाऊक नसलेली गोष्ट: अनुदानित महाविद्यालयातल्या कायम शिक्षकाला संस्थाचालक मनात आलं म्हणून काढू शकत नाहीत. चौकशीची रीत आहे, आणि विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात अपील करता येतं. हे हक्क संघटनांनी मोर्चे काढून, परीक्षांच्या कामावर बहिष्कार घालून, पगार कापून घेऊन मिळवले. आज संघटनेच्या बैठकीला पंधरा माणसं जमतात आणि वेतनश्रेणीखेरीज दुसरा विषय निघत नाही. ग्रंथालयाचं अंदाजपत्रक, सीएचबीची बिलं, एखाद्या बाईच्या लेखावरून आलेली नोटीस, हे विषय तिथेच निघायला हवेत.

*

अभ्यासमंडळ. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानंतर तिथे नामनिर्देशितांचा भरणा वाढला आणि निवडून येणारे थोडे राहिले. तरी अभ्यासक्रमाचा मसुदा बहुतेक ठिकाणी कार्यशाळेत मांडला जातो. मी अशा कार्यशाळांना गेले आहे. सकाळी नोंदणी, चहा, बोधचिन्हाची पिशवी, उद्घाटन. जेवणानंतर अर्धी खोली रिकामी होते, आणि मसुदा वाचायचं काम जेवणानंतर असतं. एकदा संध्याकाळी साडेचारला आम्ही मोजकी माणसं उरलो होतो. सत्यशोधक चळवळीवरचं प्रकरण वगळलेलं होतं. वगळणाऱ्याचा काही हेतू नव्हता, क्रेडिट जुळत नव्हते. दोघांनी हरकत लेखी दिली आणि प्रकरण राहिलं. जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलं ते आता शिकतात. एवढ्या थोड्या श्रमात एवढा फरक पडणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही, आणि तीच जागा आपण चारच्या एसटीसाठी सोडतो.

*

"किती चाललंय सध्या?" हा प्रश्न लग्नात, एसटीत, सेमिनारच्या जेवणात सहज विचारला जातो. जागेचा भाव. बापाने जमीन विकली, सासऱ्याने कर्ज काढलं, अशा गोष्टी सांगणारे सांगतात आणि ऐकणारे मान हलवतात. पैसे भरून आलेल्या माणसाविषयी मला राग येत नाही, काळजी वाटते. तो आयुष्यभर कुणाविरुद्ध बोलू शकणार नाही, कारण बोलला की त्याची पहिली पावती निघेल. आणि जो भरू शकला नाही तो तासिकेवर राहील. दोघंही गप्प. गप्प शिक्षकांची पिढी अशी तयार होते. त्याला कुठल्या हुकूमशहाची गरज लागत नाही.

तास संपल्यावर रेंगाळणाऱ्या त्या मुलीला मी हे सगळं सांगते आणि तरीही म्हणते, ये. नेट काढ, चांगला विषय घे, पैसे मागितले तर उठून ये, आणि तासिकेवर किती वर्षं काढायची याची मुदत आजच घरी ठरवून ठेव. मुदत संपली तर दुसरं काम धर. वाचन तुझ्याकडून कुणी काढून घेणार नाही.

बाकीचं मात्र तिच्या हातात नाही. ते आमच्या हातात आहे, कायम असलेल्यांच्या. कागदावर सगळं आहे: रोस्टर तपासून जाहिरात, छाननी, निवड समिती, तिच्यात विद्यापीठाचे आणि शासनाचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ. विषयतज्ज्ञ म्हणजे तुम्ही-मी. मुलाखती संपेपर्यंत गुणांचा रकाना कोरा ठेवायचा, किंवा पेन्सिलीने भरायचा, मग आतून निरोप आला की पक्का करायचा, ही पद्धत आपल्या सह्यांवर चालते. सहकाऱ्यांनो, पुढच्या वेळी तज्ज्ञ म्हणून बोलावणं आलं, तर पेन घेऊन जा. उमेदवार दाराबाहेर पडला की त्याचे गुण तिथल्या तिथे शाईने लिहा, आणि कोऱ्या तक्त्यावर सही करू नका.